संगणकाचे ग्राफिक्स कार्ड बदलण्यापूर्वी

आमच्या सभासद-बंधूंच्या पेढ्यांवर संगणक प्रथम आला तो हिशेबनीस म्हणून. रोजमेळ, खतावणी, मालाची नोंद आणि पुढे वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे, एवढेच काम त्याच्याकडे होते व ते तो मुकाट्याने करीत असे. परंतु गेल्या काही वर्षांत घरातील तरुण पिढीने त्याच्या अंगावर नवीनच कामे घातली आहेत. कोणाची सून दागिन्यांची त्रिमित चित्रे काढते, कोणाचा पुतण्या साड्यांची नक्षी संगणकावर जुळवतो, कोणाचे चिरंजीव वास्तुकलेचे शिक्षण घेत आहेत, आणि कोणाचे, सांगण्यास संकोच कशाला, निव्वळ खेळतात. या सर्वांची मागणी अखेर एकाच वाक्यावर येऊन ठेपते : "नवे ग्राफिक्स कार्ड पाहिजे."

मागणी गैर नाही. गैर होते ते पुढचे. नवे कपाट आणावयाचे झाले तर आपण जिन्याची रुंदी मोजतो, दाराची उंची पाहतो, आणि मगच सुताराला विसार देतो. ग्राफिक्स कार्ड मात्र आपण नाव ऐकून घेतो. ते आपल्या पेटीत मावेल काय, त्याला पुरेल एवढी वीज पेटीत आहे काय, हे प्रश्न माल घरात आल्यावर सुचतात. ही चूक आम्ही स्वतः केलेली आहे, व तिची किंमतही मोजलेली आहे. म्हणूनच हा विषय लिहावयास घेतला.

प्रथम हे कार्ड करते काय, ते थोडक्यात पाहू. संगणकाचा प्रोसेसर म्हणजे पेढीवरील जाणता मुनीम. कसलेही गुंतागुंतीचे काम त्याला सांगावे. तो ते एकामागून एक, पण फार वेगाने उरकतो. चित्राचे काम तसे नसते. पडद्यावर लाखो ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपक्याचा रंग व उजेड ठरविण्यासाठी साधाच पण स्वतंत्र हिशेब करावा लागतो. तेथे एका हुशार मुनिमापेक्षा हजार साधे कारकून एकाच वेळी बसविलेले बरे. ग्राफिक्स कार्ड म्हणजे अशा कारकुनांचे दालन होय. १९९९ साली एनव्हिडिया कंपनीने 'जीफोर्स २५६' हे कार्ड बाजारात आणताना 'जीपीयू' हे नाव रूढ केले, आणि आज या बाजारात एनव्हिडिया, एएमडी व इंटेल ही तीन नावे प्रामुख्याने दिसतात.

येथेच एक स्पष्ट सांगून टाकतो. ज्या संगणकावर केवळ टॅली, पत्रव्यवहार आणि बँकेची कामे चालतात, त्याला वेगळ्या ग्राफिक्स कार्डाची मुळीच आवश्यकता नाही. बहुतेक प्रोसेसरांच्या पोटातच चित्र दाखविण्याची सोय असते व या कामास ती पुरून उरते. हिशेबाचा संगणक मंद झाला असेल तर जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवावी आणि मेमरी वाढवावी. कार्डावर खर्चलेला पैसा तेथे पाण्यात जातो. विक्रेता हे आपण होऊन सांगेलच असे नाही.

आमच्याकडे गरज खरी होती. आमच्या सूनबाई दागिन्यांचे नमुने संगणकावर घडवितात. सोन्याची झळाळी आणि खड्यातून फुटणारा प्रकाश खरा वाटावा असे एक चित्र तयार होण्यास पेढीवरील संगणकाला पाऊण तास लागे, आणि तेवढा वेळ मुनिमांनी हात बांधून बसावयाचे. कारण संगणक एकच, हिशेबही त्यावरच. शेवटी आम्ही मुंबईस दूरध्वनी केला. विक्रेत्याने विचारले, "शेठजी, आपला संगणक कोणता?" आम्ही सांगितले, "चांगल्या कंपनीचा आहे." या उत्तरात त्याला उपयोगी असा एकही शब्द नव्हता, हे आज कळते. चार दिवसांनी आरटीएक्स ४०६० जातीचे कार्ड आले. कार्ड उत्तम होते, हे आजही आम्ही म्हणू.

पहिली अडचण जागेची. एकाच जातीचे कार्ड निरनिराळ्या कंपन्या निरनिराळ्या आकारांत बनवितात. आरटीएक्स ४०६० हेच घ्या. एका कंपनीचे एक पंखा असलेले कार्ड सतरा-अठरा सेंटिमीटर लांब, तर दुसरीचे तीन पंख्यांचे कार्ड अठ्ठावीस सेंटिमीटरांच्या घरात जाते. तेव्हा केवळ जात पाहून भागत नाही. जे नेमके कार्ड घ्यावयाचे त्याची लांबी, उंची व जाडी ही तिन्ही मापे कंपनीच्या माहितीपत्रकातून उतरवून घ्यावीत. मग पेटीची बाजू उघडून, मागच्या पत्र्यापासून समोरच्या बाजूस जेथे पहिला अडथळा येतो तेथपर्यंत टेपाने मोजावे. हा अडथळा बहुधा हार्ड डिस्क ठेवण्याचा पिंजरा असतो, कधी समोरचा पंखा असतो. जाडीचे म्हणाल तर मागील पत्र्यावरील एक खाच सुमारे २० मिलिमीटरांची असते व पुष्कळशी कार्डे अशा दोन खाचा, मोठी तीन खाचा अडवितात. शेजारच्या खाचेत दुसरे काही बसविलेले असेल तर ते काढावे लागेल. कार्यालयासाठी मिळणाऱ्या बारीक अंगाच्या पेट्यांत तर सामान्य उंचीचे कार्ड उभेच राहत नाही. त्यांना 'लो-प्रोफाइल' म्हणजे बुटके कार्ड लागते व त्याची मागील पट्टीही बुटकी, सुमारे आठ सेंटिमीटरांची असते.

आमची पेटी मध्यम उंचीची होती. कार्ड बसले, पण डिस्कचा पिंजरा अर्धा सोडवून. तेथेच थांबावयास हवे होते.

दुसरी गोष्ट विजेची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. पेटीत जो लोखंडी ठोकळा घरातील वीज घेऊन आतील भागांना वाटतो, त्याला बाजारात एसएमपीएस म्हणतात. ग्राफिक्स कार्डाला वीज दोन मार्गांनी मिळते. मदरबोर्डावरील ज्या खाचेत ते बसते तेथून जास्तीत जास्त ७५ वॅट. आणि त्याहून अधिक हवी असल्यास एसएमपीएसमधून थेट येणाऱ्या वेगळ्या केबलने. सहा टाचण्यांचा प्लग ७५ वॅटपर्यंत देतो, आठ टाचण्यांचा १५० वॅटपर्यंत, आणि अलीकडील मोठ्या कार्डांवर असलेला सोळा टाचण्यांचा बारीक प्लग ६०० वॅटपर्यंत. या शेवटच्या प्लगाविषयी सांगावयाचे तर, २०२२ साली आरटीएक्स ४०९० हे कार्ड निघाल्यावर तो पूर्णपणे न बसल्यामुळे वितळल्याच्या तक्रारी अनेक ठिकाणांहून आल्या आणि पुढे २०२३ साली त्याची सुधारलेली रचना ठरविण्यात आली. तेव्हा असा प्लग असेल तर तो शेवटपर्यंत दाबून बसवावा व त्याची केबल प्लगाच्या तोंडाशीच वाकवू नये.

आता हिशेब कसा करावा ते पाहा. इंटेलचा आय५-१२४०० हा प्रोसेसर घेतला, तर त्याच्या नावापुढे ६५ वॅट लिहिलेले असतात. परंतु जोर लागला म्हणजे तो ११७ वॅटपर्यंत जातो, हेही कंपनीच सांगते. आरटीएक्स ४०६० चे ११५ वॅट. डिस्का, पंखे, मेमरी व मदरबोर्ड यांचे साठेक वॅट धरावेत. बेरीज २९२. मग ३०० वॅटचा एसएमपीएस पुरेल काय? पुरणार नाही. कार्डाची भूक क्षणोक्षणी उसळते, एसएमपीएस जुना होत जातो तशी त्याची ताकद घटते, आणि आपल्याकडील उन्हाळ्यात बंद दुकानातील उष्णता वेगळीच. ज्या पेढीचे खेळते भांडवल रोजच्या उलाढालीस जेमतेम पुरते, ती पहिल्याच थकबाकीला अडखळते; तसेच हे. म्हणूनच या कार्डाला एकूण ५५० वॅटचा एसएमपीएस असावा अशी शिफारस एनव्हिडियाने केलेली आहे.

वॅटचा आकडाही डोळे मिटून मानू नये. एसएमपीएसच्या अंगावर चिकटविलेल्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते वाचावे, कारण प्रोसेसर व कार्ड यांची भूक तेथूनच भागते. अँपिअरला १२ ने गुणले की खरी पुंजी कळते. पेटीबरोबर जवळपास फुकट आलेला एक एसएमपीएस आम्ही पाहिला. बाहेर ४५० वॅट मोठ्या अक्षरांत, आणि रकान्यात १२ व्होल्टला २० अँपिअर, म्हणजे अवघे २४० वॅट! '८० प्लस' या शिक्क्यावरूनही ताकद कळत नाही. तो शिक्का वीज किती कमी वाया जाते एवढेच सांगतो.

आमच्या संगणकातील एसएमपीएस २९० वॅटचा होता आणि त्यातून कार्डासाठी एकही वेगळी केबल निघत नव्हती. पुष्कळशा कार्यालयीन संगणकांत असेच असते. भरीस भर म्हणजे त्या ठोकळ्याचा आकार आणि मदरबोर्डाला जोडण्याचा प्लग कंपनीने आपल्या पद्धतीचा केलेला होता, त्यामुळे बाजारातील साधा एसएमपीएस तेथे बसू शकत नव्हता. आता करावे काय? संगणक दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांनी खिशातून एक छोटा कन्व्हर्टर काढला. एका बाजूस हार्ड डिस्कला वीज देणारे दोन साटा प्लग, दुसऱ्या बाजूस कार्डाचा आठ टाचण्यांचा. "शेठजी, सगळे हेच लावतात," ते म्हणाले. आम्ही मान हलविली. व्यापारात 'सगळे हेच करतात' या वाक्यावर आम्ही कधी उधारी दिलेली नाही. पण येथे वस्तूचे ज्ञान नव्हते आणि माल तर घरात येऊन पडलेला.

त्या वेळी गुणाकार केला असता तर पुढचे टळले असते. साटा प्लगात १२ व्होल्टसाठी तीन टाचण्या असतात व प्रत्येकीची मर्यादा दीड अँपिअर. एकूण साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॅट. आठ टाचण्यांच्या प्लगाला १५० वॅटपर्यंत ओढण्याची मुभा आहे. दोन साटा प्लग जोडले तरी बेरीज १०८ च होते, आणि आमचे दोन्ही प्लग तर एकाच बारीक तारेवर, हिशेबाच्या हार्ड डिस्कच्या शेजारी ओवलेले होते.

तीन आठवडे सर्व सुरळीत चालले. पाऊण तासाचे चित्र काही मिनिटांत होऊ लागले आणि घरात कार्डाचे कौतुक झाले. २४ मार्चच्या रात्री सूनबाईंनी एका हाराचे मोठे चित्र करावयास लावले होते. आम्ही शेजारच्या खोलीत होतो. त्या दारात येऊन म्हणाल्या, "मामंजी, काही तरी जळल्यासारखा वास येतोय." बटन बंद करून पेटी उघडली तेव्हा साटा प्लगाचे काळे प्लास्टिक मेणासारखे ओघळलेले दिसले. आग लागली नाही, हे दैव. परंतु एसएमपीएस गेला आणि त्याच तारेवरची हार्ड डिस्कही गेली. वर्षअखेरीस सात दिवस उरले होते आणि हिशेबाची शेवटची प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरविलेली होती ती १० मार्चची. चौदा दिवसांची बिले, पावत्या व बँकेच्या नोंदी मुनीमजी, आमचे धाकटे बंधू आणि स्वतः सूनबाई यांनी चार रात्री बसून पुन्हा चढविल्या. त्यांना कोणी बोल लावला नाही; लावावयाचा तर तो मान हलविणाऱ्यास.

केबलींच्या बाबतीत आणखी दोन फसवी ठिकाणे आहेत. प्रोसेसरला वीज देणारा आठ टाचण्यांचा प्लग आणि कार्डाचा आठ टाचण्यांचा प्लग दिसावयास भावंडेच. पण त्यांतील धन व ऋण तारांची मांडणी उलट असते, म्हणून एकाच्या जागी दुसरा बळेच बसवू नये. दुसरे असे की, काही एसएमपीएसच्या केबली सुट्या काढता येतात. एका कंपनीची अशी केबल दुसरीच्या एसएमपीएसमध्ये पुष्कळदा सहज बसते, परंतु आतील मांडणी निराळी असल्यामुळे चालू करताच उपकरणे जळू शकतात. एसएमपीएस बदलला की त्याच्या सर्व केबलीही त्याच्याच घ्याव्यात.

मदरबोर्डावरील खाचेविषयी फार काळजीचे कारण नाही. पीसीआय एक्सप्रेस नावाची ही लांब खाच २००३ साली ठरली, व तिच्या पुढील पिढ्या परस्परांशी जुळत्या ठेवलेल्या आहेत. नवे कार्ड जुन्या खाचेत चालते, फक्त वाहतूक जुन्या वेगाने होते. तिसऱ्या पिढीच्या सोळापदरी खाचेतून सेकंदाला एका दिशेने सुमारे १६ गिगाबाइट, चौथीतून ३२, पाचवीतून ६४ अशी ती दुपटीने वाढत गेली आहे. मात्र काही स्वस्त कार्डे सोळांपैकी थोडेच पदर वापरतात. २०२२ साली आलेले एएमडीचे आरएक्स ६५०० एक्सटी चारच पदर वापरते. चौथ्या पिढीच्या खाचेत ते खपून जाते, तिसऱ्या पिढीच्या खाचेत मात्र वाट निम्मी होते व काम अडते. आणखी एक बारीक गोष्ट म्हणजे, काही बुटक्या कार्यालयीन संगणकांत ही खाच पूर्ण ७५ वॅट देत नाही, कमीच देते. संगणकाच्या पुस्तिकेत तो आकडा असतो.

मदरबोर्डाचे वय मात्र पाहावे. फार जुन्या, यूईएफआय पद्धत येण्यापूर्वीच्या मदरबोर्डावर आजचे कार्ड लावले असता पडदा काळाच राहण्याचा संभव असतो. इंटेलच्या आर्क जातीच्या कार्डांना 'रिसायझेबल बार' ही सोय मदरबोर्डावर चालू असावी लागते. त्यासाठी इंटेलचा दहाव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर, अथवा त्या तोडीचा एएमडीचा, सांगितलेला आहे. जुन्या संगणकात ही कार्डे स्वस्त दिसली तरी घेऊ नयेत. विंडोजचेही तसेच. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा त्या वयाच्या संगणकावर मोठे कार्ड चढविण्याऐवजी नवीन संगणकच घ्यावा काय, हा विचार आधी करावा. मंद प्रोसेसरापुढे महागडे कार्ड नुसते वाट पाहत बसते.

मॉनिटरची गंमत आमच्या एका आप्तांकडे घडली. त्यांचा मॉनिटर निळ्या प्लगाचा, म्हणजे १९८७ सालापासून चालत आलेल्या व्हीजीए पद्धतीचा. नव्या कार्डांवर तो प्लग नसतोच. एचडीएमआय व डिस्प्लेपोर्ट एवढेच असतात. साधी केबल येथे उपयोगी पडत नाही, आत रूपांतराचे यंत्र असलेला अडॅप्टर लागतो. तो त्यांनी आणला, आणि मग जोडला तो जुन्याच जागी, मदरबोर्डाच्या तोंडाला! महिनाभर नवे कार्ड पेटीत स्वस्थ बसून होते. मॉनिटरची केबल कार्डालाच जोडावयाची असते.

जुन्या कार्डांचा व्यापारही मोठा आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलल्यावर, ते चलन 'खणण्यासाठी' रात्रंदिवस राबविलेली असंख्य कार्डे बाजारात उतरली. अशांचे पंखे झिजलेले असू शकतात. त्याहून वाईट म्हणजे जुन्याच कार्डावर नव्याचे नाव चढवून विकलेले कार्ड. जीपीयू-झेड नावाचा एक विनामूल्य प्रोग्रॅम आहे. तो चालवून कार्डाची जात, मेमरी व पदर ताडून पाहावेत. अशा पुष्कळ बनावट कार्डांना तो स्वतःच खोटे म्हणून ओळखतो. नवे कार्ड घेताना १८ टक्के कर भरावा लागतो. पेढीच्या कामासाठी घेतले असेल तर बिलावर आपला जीएसटी क्रमांक घालून घ्यावा, म्हणजे त्या कराची वजावट मिळते. आमच्या पहिल्या बिलावर तो नव्हता.

त्या कार्डाचे पुढे काय झाले, असे विचाराल. ते तोटा सोसून विकले. कंपनीच्या दुरुस्ती-केंद्रातून मूळ जातीचा एसएमपीएस नऊ दिवसांनी आला. मग टेप, कागद व पेन्सिल घेऊन आम्ही पेटीसमोर बसलो आणि आरटीएक्स ३०५० चे ६ गिगाबाइटचे कार्ड निवडले. ते ७० वॅटचे असून खाचेतल्या विजेवरच भागविते, वेगळी केबल मागत नाही. या वेळी विक्रेत्याला संगणकाचा मॉडेल क्रमांक, एसएमपीएसच्या तक्त्याचे छायाचित्र व आतील जागेचे माप आधी पाठविले, आणि कार्ड बसले नाही तर परत घ्यावयाचे हेही बिलावर लिहून घेतले. हिशेब आता वेगळ्या, साध्या संगणकावर आहे व त्याची प्रत रोज सायंकाळी काढली जाते.

बसविण्याच्या दिवशी मुख्य वायर भिंतीतून काढावी, पेटीच्या उघड्या धातूस हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी, आणि जुने कार्ड ओढण्यापूर्वी खाचेच्या टोकाशी असलेला छोटा खटका दाबावा. तो न दाबता ओढल्यास खाचच तुटते. नवे कार्ड बसल्यावर त्याची मागील पट्टी स्क्रूने पक्की करावी व ड्रायव्हर कार्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्यावा. मग तासभर जड काम लावून, संगणक बंद करून, प्रत्येक प्लग हाताने चाचपावा. कोमट लागला तर हरकत नाही. बोट ठेववत नसेल तर तो संगणक पुन्हा चालू करू नये. सूनबाईंचा हार या नव्या कार्डावर पहिल्यापेक्षा थोडा सावकाश तयार होतो. पहिल्या दिवशी आम्ही चौघेही पडद्याऐवजी पेटीकडेच पाहत बसलो होतो.